भाऊबीज आणि आत्याच्या गाडीची किल्ली

अन्याय माझ्या आत्यावर झाला. भाऊबीजेच्या सकाळी, भावाला ओवाळून तिने तबक खाली ठेवलं, त्याच क्षणी. करणारे माझे वडील. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे घरचं माणूस म्हणून मी हात आखडला असं कुणी म्हणायला नको.

आम्ही झाशीत राहायचो आणि आत्या जवळच्या बबीना छावणीतल्या शाळेत शिकवायची. बदली होऊन निघालेल्या एका फौजी कुटुंबाकडून तिने जुनी मोटार घेतली होती, स्वतःच्या पगारातून. सुट्टीत मीही तिच्याबरोबर जायची. परतताना सांज व्हायची, दोन्हीकडच्या खडकाळ टेकड्या निळ्या पडायच्या, आणि डॅशबोर्डच्या हिरव्या उजेडात आत्याचा चेहरा पाण्याखालून पाहावा तसा दिसायचा. त्या उजेडात ती कुणाची बहीण नसे, शाळेतली बहनजीही नसे. वाटायचं, हा रस्ता असाच वाहत राहील आणि झाशी येणारच नाही.

दसरा झाला आणि तो उजेड लपलपू लागला. खड्डा आला की विझे, पुन्हा उगवे. काचेआड काजवे कोंडल्यासारखा. मला ते फार आवडायचं. आत्याला नाही, कारण समोरचे मोठे दिवेही तसेच मिचमिचत होते.

वडिलांनी ओळखीचा मिस्त्री बोलावला. गाडी चालवते आत्या, आणि तो सगळं विचारतो वडिलांना! चालवणारी बाई आहे एवढं कळल्यावर त्याने मान डोलावली. दीदी झटके देऊन चालवत असतील, वायरिंग ढिली पडली, म्हणाला. निदान संपलं. बॉनेट त्याने उघडलंसुद्धा नाही.

मग ती भाऊबीज. तबकात ओवाळणी पडली आणि वडिलांनी तोच हात पुढे केला. "किल्ली दे. बबीन्याला बस जाते."

"दादा, गाडी माझी आहे."

"आणि रस्त्यात दिवे गेले तर लोक कुणाला विचारणार? तुला की मला?"

किल्ली देवघराच्या खुंटीवर गेली. जेवणं झाल्यावर आत्याने मला खुणेनं अंगणात बोलावलं. त्या गाडीचे पार्किंगचे दिवे किल्लीशिवाय लागत आणि त्यांच्याबरोबर डॅशबोर्डही उजळे, हे घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? तिने मला आत बसवलं. म्हणाली, एखादाच दिवा लपलपला असता तर बल्ब म्हटलं असतं. सगळे एकदम लपलपतात, म्हणजे खोट सगळ्यांच्या मुळाशी आहे. ती बाहेर बॉनेट उघडून एकेक वायर हलवत गेली आणि मी काचेवर कापडी चादर ओढून त्या हिरव्या गुहेत डोळे लावून बसले. बराच वेळ काही नाही. मला डुलकी लागायला आली होती. आणि एकदम काजवे.

"आत्या, आत्ता!"

बॅटरीची काळी वायर. तिची पकड नुसत्या बोटांनी फिरत होती, आणि खाली वाळून कडक झालेली हळद-कुंकवाची खपली.

आमचं घराणं शिपाईगड्यांचं. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तलवार पुजायची, आणि तीही म्यानातून काढून. म्यानाला कुंकू लावलेलं आमच्याकडे चालत नाही, पात्यालाच लागतं. तलवार गेली, तिच्या जागी मोटार आली. त्या वर्षी वडिलांना वाटलं, बॉनेट म्हणजे म्यानच. त्यांनी ते उघडलं, बॅटरीची पकड उचलली, खाली हळद-कुंकू लावलं आणि पकड हातानेच दाबून बसवली. भक्तीने केलं, मान्य. पण ठपका कुणावर?

आत्याने वायर सोडवली, सोड्याच्या गरम पाण्याने खपली धुतली, पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासलं आणि पकड पान्याने आवळली. मग वडिलांना बोलावून ओलं लाल फडकं दाखवलं. ते स्वतः किल्ली घेऊन आले, ती तिला दिली आणि गाडीत तिच्या शेजारी बसले. गाडी सुरू करून दाखव, म्हणाले. दिवे उजळले, स्थिर. वडिलांनी किल्लीसाठी तळहात पुढे केला.

"दार नीट लावून घे, दादा," आत्या म्हणाली, आणि गाडी रस्त्याला लागली.

मी मागे होते. टेकड्या निळ्या पडत होत्या. खड्डे येत होते, जात होते, हिरवा उजेड हलत नव्हता, आणि त्यात दोघांचे चेहरे पहिल्यांदाच भावंडांसारखे दिसत होते. बबीना जवळ आल्यावर वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी कुंकू बॉनेटलाच लावू." एवढंच. चुकलो असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही नाहीत. किल्ली मात्र आत्याच्या पर्समध्ये राहिली.

तुमच्याही घरात एखादी किल्ली खुंटीवर लटकते आहे, आणि ती कुणाची हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. उठा. ती काढून जिची आहे तिच्या हातात द्या. आणि माझ्या वडिलांनी जे म्हटलं नाही, तेही म्हणा.