शांतीबाईंनी वर्ग उठवला

पेणजवळच्या मिठागरात राबणाऱ्या घरातली शांती म्हात्रे डी.एड. झाली आणि रोह्याच्या एका शाळेत बाई म्हणून लागली. लहानपणी बोलीवरून तिला वर्गात मठ्ठ ठरवलं होतं. तो राग शांतीबाईंनी कधी सोडला नाही. स्वतः शिकवतानाही त्या खुशाल 'हाय-नाय' बोलत.

सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका संस्थेने शाळेला कंप्युटर दिले. अट एवढीच, की सातवीच्या मुलांनी त्यावर मराठीची चाचणी द्यायची. पडद्यावर उतारा, खाली प्रश्न. मूल बटण दाबायला किती वेळ घेतं ते मशीन टिपायचं आणि त्यावरून त्याचं लक्ष होतं की नव्हतं, ते ठरवायचं.

खाडीकडच्या गावातली सुरभी उतारा वाचायची, मग खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत तो आपल्या बोलीत घोळवायची आणि मगच बटण दाबायची. मशीनने शेरा दिला: लक्ष नाही.

"हिचं नाव गाळू या," संस्थेचे धनेशसाहेब म्हणाले. "ही मुलगी चाचणीत नव्हतीच."

"उत्तरं बघा की! बरोबर हायत."

"अंदाजाने आली असतील. दुसऱ्या फेरीला हिला बसवू नका."

शांतीबाई ताडकन उठल्या आणि कंप्युटरसमोर बसलेल्या मुलांकडे वळल्या. "उठा रे सगळे! सुरभी बसली तरच आपण बसायचं."

एकेक खुर्ची सरकली आणि खोली रिकामी झाली.

मुख्याध्यापक पुंडलिक सर धावत आले. "बाई, कंप्युटर परत नेतील हो!"

"नेऊ देत."

आणि खरंच नेले. पालक तोंडावर बोलले, "पोरांचं नुकसान केलंत." सरांनी लेखी माफी मागायला सांगितलं. बाईंनी साफ नकार दिला, तेव्हा त्यांच्याकडची सातवी गेली आणि दुसरीचा वर्ग गळ्यात पडला. तो त्यांनी मान ताठ ठेवून घेतला.

एकदा मधल्या सुट्टीत सुरभी दुसरीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, माझ्यामुळं गेले ना कंप्युटर?"

"नाय गो. माझ्यामुळं गेले. परत तशी वेळ आली, तर परत जातील."

सुरभी जायला वळली, मग थांबली. "मला आवडायचा तो."

"मलापण," शांतीबाई म्हणाल्या.