विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची धाव

तुमच्या लेकीचा दम कोणी एकाच संध्याकाळी मोजला आणि तिला संघाबाहेर ठेवलं, तर तो आकडा तुम्ही खरा मानाल का?

आमचं घर मानणारं नव्हतं. आई-बाबा चळवळीतले. इंग्लंडात लेस्टरला येतानाही त्यांच्या बॅगेत पत्रकांचे गठ्ठे होते, मी वाचायला शिकले ते त्यांवरच.

माझी धाकटी बहीण शाळेत हॉकी खेळते. काउंटीच्या संघाची निवड होती, आणि त्यासाठी ब्लीप टेस्ट. दोन रेषांमध्ये धावायचं, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं. बीप जवळजवळ येत जातात. चुकली की बाहेर. टेस्ट सोमवारी होती. आणि आमच्या मंडळाचं विसर्जन रविवारी, कारण इथे सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. आमची ही बहीणबाई आदल्या दिवशी अख्खी दुपार कमरेला ढोल बांधून वाजवत होती. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की उद्या तिला धावायचंय. आईने तर कौतुकाने दृष्ट काढली.

सोमवारी तिचे पाय उचलेनात. पहिल्या काही फेऱ्यांमध्येच ती बाहेर पडली.

घरी आली आणि जिन्यातच बसली. आई खालच्या पायरीवर बसून तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. मी आत जाऊन त्या टेस्टविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं. बाबांना फार आवडलं. तिने वाचलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"ताई, हे दिलंस ना, तर कोच मला वॉटर बॉटल्स पण भरू देणार नाही. फक्त विचार ना, परत धावू का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. कोच बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, एकीला दोनदा धावू दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहीणच म्हणाली, "मग सगळ्यांची परत घ्या. कुणाची झोप झाली नसेल, कुणाला बरं नसेल, मी तर ढोल वाजवला होता." ढोल केवढा असतो, ते तिने हात पसरून दाखवलं. कोच बाई हो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ती जवळजवळ शेवटपर्यंत धावली. पण पहिल्या वेळी सगळ्यांत जास्त धावलेली मुलगी या वेळी सर्दीने बेजार होती, ती मध्येच थांबली. आमची बहीण धापा टाकतच तिला धरून कोच बाईंकडे घेऊन गेली. "आता हिची परत घ्या."

बहीण संघात आली. ती दुसरी मुलगी अजून राखीव आहे, आणि बहिणीने कोच बाईंचा पिच्छा सोडलेला नाही.

तुमच्या मुलांच्या शाळेत किंवा क्लबात अशी टेस्ट होत असेल, तर या आठवड्यात जा आणि सगळ्याच मुलांची ती वेगवेगळ्या दिवशी, निदान दोनदा घ्यायला सांगा. तुमचं मूल पहिलं आलं असेल, तर नक्की जा.