पिवळीचे चार घोडे

लाकडाच्या वखारीत त्यांना सगळे उत्तमराव म्हणत. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वखारीतल्या यंत्रांची देखभाल करणारे हे मेकॅनिक प्रत्येक कामाची नोंद वहीत करत आणि शेवटी एकच शब्द लिहीत. प्लग बदलले. उत्तम. ब्रेकचं तेल भरलं. उत्तम. बावीस वर्षांच्या अशा नऊ वह्या हत्यारांच्या कपाटात वरच्या खणात उभ्या होत्या. त्यांत खाडाखोड नाही, तेलाचा डाग नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय ते पेनाला शिवत नसत.

तसे उत्तमराव सुखी होते. घर पायी अकरा मिनिटांवर, बायको बोलकी, गुडघे शाबूत, आणि हाताखाली पिवळी.

पिवळी म्हणजे वखारीतली फोर्कलिफ्ट. पुढच्या दोन लोखंडी जिभांवर फळ्यांचे गठ्ठे उचलायचे आणि चढ चढून मालधक्क्यावर नेऊन ठेवायचे, हे तिचं काम. आधी ती पेट्रोलवर चालायची. बंद शेडमध्ये धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा उत्तमरावांनीच तिला गॅसवर आणली. स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ शोभेल असा प्रोपेन. त्याचा सिलिंडर ती पाठीवर आडवा घेऊन फिरायची, मूल पाठुंगळी घेतल्यासारखा.

या वर्षी गिऱ्हाइकांना पातळ फळ्या नकोशा झाल्या, जाड तुळया हव्याशा झाल्या. गठ्ठा जड झाला. पिवळीच्या पाटीवर लिहिलेल्या वजनात तो बसत होता, पण अर्ध्या चढावर तिची मान पडायची. मग मागे यायचं, गठ्ठा फोडायचा, दोन फेऱ्या करायच्या. बाहेर ट्रक खोळंबायचे.

सोमवारी सकाळी मालकीणबाई शेडमध्ये आल्या. वडिलांच्या पश्चात वखार त्याच पाहत. लहानपणी याच पिवळीच्या सीटवर बसून त्यांनी हॉर्न वाजवून वाजवून सगळ्यांना हैराण केलं होतं.

“उत्तमकाका, शुक्रवारी दुपारी नवीन गाडीवाले येणार आहेत. तोवर हिने अख्खा गठ्ठा वर नेला तर ठेवू. नाहीतर हिला बदल्यात देऊन टाकते. अजून थोडी ताकद निघेल का हिच्यातून?”

“निघेल की,” उत्तमराव म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

त्या गेल्यावर पिवळीची ड्रायव्हर म्हणाली, “काका, निघेल की, म्हणजे कुठून?”

या बाईला वखारीत सगळे ताई म्हणत. चाळिशीची, सडसडीत, जिभेला धार. पंधरा वर्षं पिवळी चालवत होती.

“आत असेल ती निघेल,” उत्तमराव म्हणाले.

सोमवारी त्यांनी नवे प्लग घातले. पिवळी जिथे थांबली तिथे हमालांनी चढावर खडूने रेघ मारली. मंगळवारी त्यांनी ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं. पेट्रोलपेक्षा हा गॅस सोशिक. ठिणगी जराशी आधी पडली तरी इंजिन ठोके देत नाही, उलट जोर वाढतो. दुसरी रेघ पहिलीच्या चार हात वर गेली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. पण धक्का अजून सहा हात लांब होता.

बुधवारी ते कोपऱ्यावरच्या खराद्याकडे गेले. लेथवर लोखंड घासण्यात या माणसाचं अर्धं आयुष्य गेलेलं.

“इंजिनवरचं हेड काढून आण,” खरादी म्हणाला. “दीड मिलिमीटर घासून देतो. आतला दाब वाढेल. गॅसला दाब मानवतो.”

“किती दिवस?”

“मला एक. तुला उघडायला एक, बसवायला एक. आणि जुनं हेड आहे, तडकलं तर मला बोल लावायचा नाही.”

उत्तमराव तसेच परत आले. त्या दिवशी ते इतके गप्प जेवले की बायको म्हणाली, “अहो, जेवताय की मोजताय?”

“दिवस मोजतोय.”

“मग भात तरी सोडा. एकेक शीत काय वेगळं करताय!”

गुरुवारी सकाळी ताई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

“काका, एक सांगू? हसाल.”

“सांग तर.”

“ही पहिल्या फेरीला बरी चढते. दहा वाजले की दमते.”

“सकाळी कोण ताजं नसतं? मीही सकाळी जिना बरा चढतो.”

“तुम्ही गॅसवर चालत नाही.”

“ते माझ्या बायकोला विचार.”

ताई हसत गेली, पण उत्तमरावांचं हसू मध्येच थांबलं. दहाच्या फेरीनंतर त्यांनी तापलेल्या पिवळीचं बॉनेट उचललं. इंजिन ज्या पाइपातून हवा ओढतं त्याच्या तोंडापाशी तळहात धरला आणि झटकन मागे घेतला. लाकूड वाळवायच्या खोलीतलं थर्मामीटर आणून तिथे टांगलं. एकाहत्तर अंश. शेडमध्ये सत्तावीस.

पाइपाचं तोंड बॉनेटच्या आत होतं, रेडिएटरच्या पाठीमागे. पिवळी आपलाच तापलेला वारा पीत होती. तापलेली हवा विरळ. तेवढ्याच घोटात हवा कमी येते, हवा कमी म्हणून गॅसही कमी जळतो. शंभरातली दहा-बारा ताकद तिथेच गळत होती. पिवळी चाळीस घोड्यांची. म्हणजे चार-पाच घोडे या पाइपातच अडकले होते.

“कोणा गाढवाने हे तोंड आत वळवलं?” उत्तमराव मोठ्याने म्हणाले.

गाढव शोधायला त्यांनी वह्या काढल्या. पाचव्या वहीत, अकरा वर्षांपूर्वीच्या चौदा मार्चला ते सापडलं. अक्षर सुंदर होतं. ‘भुशाने एअर फिल्टर सारखा तुंबतो. हवेच्या पाइपाचं तोंड बॉनेटच्या आत वळवलं. भुसा बंद. उत्तम.’ त्या दिवशी इतका आनंद झाला होता की उत्तमखाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्यांनी वही मिटली. पाइप गुपचूप बाहेर काढायचा, उद्या पिवळी चढेल, उत्तमरावांनी चार घोडे वाढवले म्हणून गावभर होईल. वही कोण उघडतंय? त्यांनी ती खणात ठेवली. पाच मिनिटांनी पुन्हा काढली आणि टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

मग कामाला लागले. पाइप नुसता बाहेर काढून भागणार नव्हतं, भुसा पुन्हा आत गेला असता. सीटमागच्या खांबाला धरून त्यांनी तो टपाच्याही वर नेला. भुसा तेवढा उंच उडत नाही. तोंडावर टोपी हवी होती. ती संध्याकाळी घरी मिळाली.

“अहो, माझं पातेल्याचं झाकण घेऊन कुठे निघालात?”

“पिवळीला हवंय.”

“मला कधी असं धावतपळत काही आणलंत?”

“तू कधी चढावर अडकली नाहीस.”

“बावीस वर्षं अडकलेय तुमच्या पिवळीशी,” बायको म्हणाली, आणि तिने स्वतःच झाकणाची मूठ सोडवून दिली.

शुक्रवारी पिवळी आठपासून मुद्दाम चालवून तापवली. अकरा वाजता ताईने अख्खा गठ्ठा उचलला. गठ्ठा चढाच्या दिशेला पुढे धरून पिवळी निघाली. पहिली रेघ गेली. दुसऱ्या रेघेशी आवाज जरा जड झाला. पण न थांबता, न कुरकुरता पिवळी धक्क्यावर जाऊन उभी राहिली. हमालांनी एकच गिल्ला केला. ताईने वरून हॉर्न वाजवला, लांबलचक.

खाली उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी विचारलं, “उत्तमकाका, एवढी ताकद आणलीत कुठून?”

“आणली नाही, बाई. तिचीच होती. मी अडवून ठेवली होती.” त्यांनी वही पुढे केली.

मालकीणबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. “अकरा वर्षं?”

“अकरा वर्षं, दोन महिने.”

तेवढ्यात ताई चढावरून खाली आली, मालकीणबाईंच्या खांद्यावरून तिने वहीत डोकावलं आणि म्हणाली, “काका, काल गाढव शोधत होता ना?”

आधी मालकीणबाईंना हसू फुटलं, मग हमालांना, मग खुद्द उत्तमरावांना, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

“गाडीवाल्यांना येऊ नका म्हणून सांगते,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणि काका, खरादी मला सांगत होता ती दीड मिलिमीटरची भानगड नकोच.”

हात धुऊन उत्तमरावांनी नवव्या वहीत नोंद केली. ‘हवेचं तोंड उंचावर बाहेर नेलं. पूर्ण गठ्ठा चढला.’ पुढे एका शब्दाची जागा त्यांनी कोरी सोडली. आठ दिवसांनी फिल्टर काढला, फळीवर आपटून पाहिला. चिमूटभर भुसा पडला, त्याहून जास्त नाही. तेव्हा त्यांनी तो शब्द लिहिला.

त्याखाली रेघ मात्र मारली नाही.