धाकट्या मालकाचे स्वभावचित्र

मॅट्रिकच्या वर्षी आम्हाला मराठीला एक नाटक नेमलेलं होतं. एका मोठ्या जमीनदाराचा धाकटा मुलगा हा त्याचा नायक. नाटकातले सगळे त्याला 'धाकटे मालक' म्हणतात. देखणा, हसरा, हाताचा मोकळा. घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराचा मुलगा हा त्याचा बालमित्र. दोघं एका ताटात जेवतात, नदीवर पोहायला जातात, आणि शेवटच्या अंकात धाकटे मालक भर सभेत आपला फेटा त्या मित्राच्या डोक्यावर ठेवतात. तो भाग वर्गात वाचला तेव्हा आम्ही मुली पदरानं डोळे पुसत होतो. 'धाकट्या मालकाचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न परीक्षेला येणारच, असं आमचे मराठीचे मास्तर दिवाळीपासून सांगत होते.

मी स्वतः मालगुजाराची मुलगी. चामोर्शीच्या पुढे आमचं गाव. वडिलांकडे पाच गावं होती. सरकारनं मालगुजारी काढून घेतली त्याला तीन-चार वर्षं झाली होती, तरी लोक वडिलांना मालकच म्हणत आणि मला छोट्या बाई. चांद्याला मी मुलींच्या एका लहानशा वसतिगृहात राहत असे. एक विधवा बाई ते चालवीत. आम्ही सात मुली. माझ्या खोलीत जी मुलगी होती तिला वडील नव्हते. तिचे काका बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला होते, त्यांनी तिला शिकायला ठेवलं होतं. तीही चामोर्शीकडचीच, एवढं मला ठाऊक होतं. गाव कोणतं, हे दीड वर्षात मी कधी नीट विचारलं नव्हतं. आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो, एका कंदिलावर अभ्यास करायचो. तिच्याहून जवळची मैत्रीण मला तेव्हा दुसरी नव्हती.

शिमग्याच्या आधीच्या एका रविवारी, दुपारी, मी लिहिलेलं उत्तर तिला वाचून दाखवलं. चांगली चार पानं होती. 'श्रीमंतीत वाढूनही ज्याच्या मनाला गर्वाचा स्पर्श झाला नाही' अशी सुरुवात होती, आणि मला ती फार आवडली होती. ती खिडकीत बसून पोलक्याची उसवलेली शिवण घालत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "छान लिवलं. पण एक सांग. त्याचा दोस्त त्याले एकदा तरी नाई म्हणते का?"

मी पुस्तक उघडलं. पोहायला चल म्हटलं की तो 'चला' म्हणतो. जेवायला बस म्हटलं की बसतो. दुसऱ्या अंकात त्याची आई तापानं पडलेली असते आणि धाकटे मालक म्हणतात शिकारीला चल, तेव्हाही तो 'चला' म्हणतो. मी तीनही अंक चाळले. नाही हा शब्द त्याच्या तोंडी कुठे नव्हता.

"त्याचा जीव आहे ना मालकावर," मी म्हणाले. "म्हणून नाही म्हणत."

"असंन," ती म्हणाली.

ते 'असंन' मला लागलं. माझं म्हणणं पटवायला मी माझीच गोष्ट सांगितली. मी आठ वर्षांची असताना थोरल्या भावाचं लग्न झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं, माझ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. तेव्हा कामाला आलेल्या एका बाईची मुलगी माझ्याशी खेळायला आली. पडवीत आमची सागवानी बंगई होती, चार साखळ्यांना टांगलेली. दुपारभर आम्ही बंगईवर खेळलो. ती मला झोके देत होती, मी तिला गाणी म्हणून दाखवत होते. "मालक आणि कूळ असलं म्हणून काय झालं," मी म्हणाले, "लहानपणी मैत्री होतेच. ती पोरगी मला अजून आठवते."

"तू तिले बसवलं का बंगईवर?"

"तिला झोका द्यायलाच आवडत होतं."

"तिनं सांगतलं तुले?"

तिनं दोरा दातानं तोडला, सुई पोलक्यात खोचली आणि शांतपणे म्हणाली, "साखळ्यायले पितळी मोर होते. एका मोराची मान तुटली होती. मी तिकडूनच ढकलत होती, हात लागून राह्यला होता त्याले."

मोरांचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं. दीड वर्ष आम्ही एका खोलीत होतो. ही माझी आवडती आठवण, मी ती तिला पहिल्यांदा सांगत नव्हते. पहिल्या वर्षीही सांगितली होती, हसत हसत. तेव्हाही ती ऐकून गप्प बसली होती.

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुले चांगलं आठवत होतं."

पुढचं तिनं मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. तिची माय मागच्या अंगणात लग्नाचं धान कांडायला बेगारीनं आली होती. आठ दिवसांपासून येत होती. सोबत हिला आणत असे ती धाकट्या भावाला सांभाळायला. तो रांगता होता. त्या दिवशी माझ्या मावशीनं हिला हाताला धरून पुढं पडवीत आणलं आणि म्हणाली, छोट्या बाई रडून राह्यल्या, झोका दे. मागून भावाचं रडणं ऐकू येत होतं. ही दोनदा थांबली. दोनदा मी पाय आपटले. तिसऱ्यांदा मोठी किंकाळी आली. आचाऱ्यांनी खणलेल्या चुलीच्या चरात त्याचा उजवा हात गेला होता.

"दोन बोटं चिपकली त्याची," ती म्हणाली. "त्या हातानं लिवता येत नाई. डाव्यानं लिवते आता."

त्यानंतर ती उठून विहिरीवर पाणी आणायला गेली. त्या दिवसापासून तिच्या वागण्यात काही फरक पडला नाही. फरक माझ्यातच पडला. मी तिला म्हणाले, खिडकीजवळची माझी जागा तू घे. ती म्हणाली, "काऊन? मी इथीच बरी हाव."

शिमग्याच्या सुटीत मी घरी गेले. आई ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, दादाच्या लग्नात कोणाचं मूल भाजलं होतं का?

माझी समजूत होती की आई दचकेल, किंवा असं काही झालंच नाही म्हणेल. तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"हो, भाजलं होतं. धान कांडणारीचं पोरगं. मीच खोबऱ्याचं तेल लावलं. मग तुझ्या मावशीनं त्यायले बैलगाडीत घालून गावी पाठवलं. वरात दारात आली होती, लेकरू रडून राह्यलं होतं, कसं दिसलं असतं?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुले काय सांगायचं? तू बंगईवर होती."

ते तिनं सहज म्हटलं, जशी एखाद्या सामानाची जागा सांगावी. मी आईला पुष्कळ चांगली समजत होते आणि ती चांगली होतीही. दारात आलेला माणूस तिनं उपाशी पाठवला नाही. पण त्या बाईचं पुढं काय झालं, पोराचा हात बरा झाला का, हे नऊ वर्षांत तिनं विचारलं नव्हतं. माझ्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कोणाला ती सांगण्यासारखीही वाटली नव्हती, लपवण्यासारखीही नाही.

आई बोलत राहिली, यंदाची लाखोळी बारीक निघाली म्हणून. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. सुटी संपायच्या दोन दिवस आधीच मी चांद्याला परतले.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. मास्तरांनी सांगितलेल्या शब्दांत, जसाच्या तसा. मी माझी चार पानं पाठ केली होती. पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं की धाकटे मालक वाईट नाहीत, पण मित्राला काय हवं आहे हे त्यांनी तीन अंकांत एकदाही विचारलेलं नाही, आणि नाटककारानंही विचारलेलं नाही. आजारी आईला सोडून तो मित्र शिकारीला गेला, त्याबद्दल पुढं एकही वाक्य येत नाही. आईचं काय झालं हे आपल्याला कळत नाही. भर सभेत फेटा ठेवला तेव्हा तो काय बोलला, हे पुस्तकात नाही. तो फक्त वाकतो. असं लिहीत गेले. हात दुखायला लागला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा माझे दोन प्रश्न कोरे राहिले होते.

बाहेर येऊन मी तिला शोधलं. ती पिंपळाखाली उभी होती. मी काय लिहिलं ते तिला धापा टाकत सांगितलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटेल अशी माझी आशा होती. मग विचारलं, "तू काय लिहिलंस?"

"मास्तरनं सांगतलं ते. उदार, मनमिळाऊ, गर्व नाई. फेट्याची जागा पुरी लिवली."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती.

"पण तूच तर म्हणाली होतीस..."

"म्हटलं होतं." तिनं दौत पुसून पिशवीत ठेवली. "तुझे दोन सवाल राह्यले तरी तुले कोनी घरी बसवत नाई. मी नापास झाली तर काका म्हणन, पुरे झालं. तपासणारा कोन आहे, त्याले काय आवडते, मले का मालूम? तुले परवडते तसं लिवणं. मले नाई."

ती रागावून बोलली नव्हती. पुढच्या पेपरला भूगोल होता. खनिजांचा नकाशा तुझा झाला का, असं तिनं मला लगेच विचारलं आणि आम्ही वसतिगृहाकडे चालू लागलो. घरच्या गोष्टीनं बसला त्याहून हा धक्का मोठा होता, कारण या वेळी मी स्वतःला शहाणी समजत होते.

निकाल लागला. मराठीत तिला माझ्याहून बरेच जास्त गुण होते. मी कशीबशी पास झाले. तिला पुढे माजरीकडच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली, आणि भावाला तिनं आपल्याजवळ नेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिला पत्रिका पाठवली, सोबत दोन पानांचं पत्र लिहिलं. त्या पत्रात पहिल्यांदाच मी त्या दुपारची माफी मागितली.

उत्तर आठ दिवसांत आलं. अक्षर तिचंच, नीटस. शाळेला सुटी नाही म्हणून येता येत नाही, असं होतं. भाऊ पाचवीत गेला, त्याला गणित चांगलं येतं, असं होतं. खाली तब्येतीला जप असं लिहून सही केली होती. माफीबद्दल त्यात काही नव्हतं. मी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं. मागचं पान कोरं होतं.