बॉडी एकाला, लेन्स एकाला

शिवलिंगच्या हातून कॅमेरा पडला तेव्हा बघायला कोणी नव्हतं. म्हणजे माणसं होती, दोनशेच्या वर होती, पण ती सगळी खाली मान घालून माती उकरत होती. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. उदगीरच्या आसपास जागोजागी रोजगार हमीची कामं निघाली होती आणि साहेब लोकांना वर पाठवायला फोटो लागायचे. ते काढायला शिवलिंग जायचा. बंधाऱ्याचं काम उंचावरून दिसावं म्हणून तो मातीच्या ढिगावर चढला, पाय सरकला आणि कॅमेरा फुफाट्यात तोंडघशी पडला.

त्यानं सदऱ्याच्या टोकानं धूळ पुसली. बाहेरून ओरखडाही नव्हता. कॅमेरा कानाशी धरून बटण दाबलं, तर नेहमीच्या खट्ट आवाजाच्या शेपटाला बारीक किरकिर ऐकू आली. बंधाऱ्याचे सगळे फोटो त्यानं तसेच काढले, कॅमेरा पिशवीत घातला आणि सायकलला टांग मारली.

किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. थोरला भाऊ बसवराज नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्यानं सातवीतून शाळा सोडली, पुढं हैदराबादहून हा कॅमेरा आणवला आणि धाकट्याच्या हातात दिला. बाहेरचं काम शिवलिंगचं, डार्करूम आणि गल्ला बसवराजचा. इतक्या वर्षांत बसवराजनं एकही फोटो काढला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आमच्यात डोळा त्याचा, हात माझा."

त्या दिवशीची फिल्म धुऊन बसवराज बाहेर आला आणि ती उजेडाला धरून बघत राहिला.

"शिवलिंग, हे बघ की. दर फोटोच्या एका कडंला पट्टी कोरीच ऱ्हायलीय. छापलं की काळी येणार ही."

शिवलिंगला एका नजरेत कळलं. कॅमेऱ्याच्या पोटात कापडाचे दोन पडदे असतात. एक पुढं पळतो, दुसरा त्याच्या मागं, आणि दोघांच्या मधल्या फटीतून उजेड फिल्मवर पडतो. पुढचा पडदा अडखळायला लागला होता. स्पीड कमी असला तर काही बिघडत नव्हतं. पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ठेवला की मागचा पडदा पुढच्याला गाठायचा आणि शेवटची पट्टी उजेडावाचून राहायची.

'पडला' एवढंच म्हणायचं होतं. अण्णा रागावला नसता. शिवलिंगला तेच सोसणारं नव्हतं. अण्णा हसला असता, पाठीवर हात ठेवला असता आणि जन्मभर येईल त्याला सांगितलं असतं, की होतंय, लेकरू हाय.

"पाणी कमी घातलंय तुम्ही," शिवलिंग म्हणाला. "औषध सगळीकडं पोचलं न्हाई."

"पण फिल्मच्या काठाचे नंबर तर नीट उमटलेत. औषध पोचलं नसतं तर ते बी..."

"आता मला तुम्ही शिकवणार का, अण्णा?"

गावात टँकर दोन दिवसांआड यायचा. दुसऱ्या दिवसापासून घरातली एक घागर डार्करूममध्ये जायला लागली.

"भावजी," बसवराजची बायको महादेवी म्हणाली, "तुमच्या फोटोंनी आंघोळी कराव्या अन् माझ्या लेकरांनी पारुसं फिरावं. बरंय की!"

"फोटोला पाणी न्हाई तर ताटात भाकर न्हाई, वहिनी."

त्यानंतर शिवलिंगनं स्पीडचं चाक सव्वाशेच्या पुढं कधी नेलंच नाही. पट्टी यायची बंद झाली. बसवराजला वाटलं, घागरीचा गुण. आधीच्या फिल्मा आपणच नासवल्या, ही गोष्ट त्यानं मनाला लावून घेतली.

दिवाळीच्या सुमारास बसवराजनं विषय काढला. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून एकच खर्च भागणार होता.

"नवी बॉडी घ्यावी का लेन्सा घ्याव्या? तूच सांग. मला यातलं कळत न्हाई."

शिवलिंगला बॉडीच पाहिजे होती; अडखळणारा पडदा तिच्यातच होता. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेच होतं. पण चालती बॉडी का बदलायची, असं अण्णानं विचारलं तर? म्हणून तो लेन्सांच्या बाजूनं बोलायला लागला, आणि बोलताना रंगला.

"बॉडी म्हणजे काय हो अण्णा? अंधाराची डबी. फोटो काढती लेन्स. लांबची लेन्स असली तर मांडवाच्या टोकाला उभं राहून नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपता येतंय. रुंद असली तर सगळी पंगत एका फोटोत."

बसवराज खूश. दोन लेन्सा आल्या, आणि पुढं महिनाभर तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "बॉडी म्हणजे नुसती अंधाराची डबी बघा."

तोवर लातूर जिल्हा होऊन वर्ष सरलं होतं. कलेक्टर कचेरी, नवे साहेब, नव्या नोकऱ्या, ओळखपत्रांचे फोटो, उद्घाटनं. शिवलिंगनं लातूरचा हट्ट धरला. बसवराज उदगीर सोडायला तयार नव्हता. त्यांची आई नागम्मा दोघांच्या मधे रडून थकली. शेवटी तिनंच अडतवाले बसवंतअप्पांना बोलावलं. गावातल्या निम्म्या लिंगायत घरांच्या वाटण्या अप्पांच्या पुढ्यात झाल्या होत्या. रीत ठरलेली : थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा.

बसवराजनं सतरंजीवर दोन वाटे मांडले. भांडी, दिवे, पडदे, ट्रे, सगळं निम्मं निम्मं. मग त्यानं कॅमेरा हातात घेतला, लेन्स फिरवून काढली, बॉडी एका वाट्यात ठेवली आणि जुनी-नवी मिळून तिन्ही लेन्सा दुसऱ्यात.

बसवंतअप्पा बघत राहिले. "अरे बसवराज, बैल एकाला अन् गाडी एकाला? कोण कुठं जाणार?"

"म्हणून तर, अप्पा." बसवराज हसला. "काम आलं की एकानं दुसऱ्याकडं जावंच लागतंय. तो लातूरला ऱ्हाईल, मी इथं. पण फोटो काढायचा तर दोघं मिळून."

नागम्मानं डोळ्याला पदर लावला. बॉडीचा वाटा बसवराजनं शिवलिंगच्या गुडघ्याला लागेल इतका जवळ सरकवून ठेवला होता. धाकट्याला चांगलं मिळावं, एवढाच त्याचा हिशोब.

शिवलिंग पुढं वाकला आणि हात लांब करून लेन्सा उचलल्या. पापणीही लवली नाही.

"मला वाटलं तू बॉडी घेशील," बसवराज हळूच म्हणाला.

"डबी तुम्हाला राहू द्या, अण्णा."

दोघांनी मिळून फोटो काढायची वेळ कधी आलीच नाही. शिवलिंगनं महिन्याभरात त्याच लेन्सांना बसणारी नवी बॉडी मिळवली आणि लातूरच्या कचेरीसमोर पाटी लावली. बसवराजनं चार महिने वाट बघितली, मग नांदेडहून एक जुनी लेन्स आणली आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी स्वतः फोटो काढायला शिकला. स्टुडिओत, दिव्यांच्या उजेडात, कमी स्पीडवर, फोटो छान यायचे. महादेवी म्हणायची, "डोळा बी तुमचाच होता की. उगं त्याला देऊन बसला होता."

पुढच्या वर्षी चैत्रात बसवंतअप्पांची बायको गौरम्मा वारली. उभ्या जन्मात बाईचा एक फोटो निघाला नव्हता. अप्पांनी बसवराजला बोलावणं धाडलं.

भर दुपार. अंगणात गौरम्माला लिंगायत रीतीप्रमाणं पाटावर मांडी घालून बसवलेलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. बसवराजचा उन्हातला हा पहिलाच फोटो. फिल्मच्या डबीतला कागद त्यानं आदल्या रात्री तीनदा वाचला होता, त्याप्रमाणं कडक ऊन म्हणून पाचशेवर चाक लावलं. माणूस बसलेलं, म्हणून कॅमेरा उभा धरला. उभा धरला की कडेची पट्टी वर येते. त्यानं बारा फोटो काढले, एकेक बेतानं, श्वास धरून.

बाराही फोटोंत हार आला होता, हात आला होता, लिंग आलं होतं. चेहऱ्याच्या जागी काळं होतं.

तोवर माती झाली होती. बसवंतअप्पा ओरडले नाहीत. त्यांनी त्यातला एक फोटो घेतला, चौकट केली आणि अडतीत गादीच्या वर लावला. कोणी थबकून बघितलं की शांतपणे सांगायचे, "आमची बाई. बसवराजनं काढलाय."

आठ दिवसांनी बसवराज लातूरला आला. गळ्यात कॅमेरा, खिशात फिल्म. दुकानात कचेरीतला एक कारकून फोटोसाठी आरशात भांग पाडत होता.

"या, अण्णा. चहा सांगू?"

"चहा ऱ्हाऊ दे. हे बघ." बसवराजनं फिल्म पुढं केली. सगळी हकीकत सांगितली. मग बोटावर मोजत म्हणाला, "पाण्याचा दोष म्हणावं, तर काठाचे नंबर ठळक उमटलेत. धुतली बी नीट. लेन्सला काही न्हाई. मग ऱ्हायलं काय? मी तुलाच विचारायला आलो. तुला कळतंय यातलं."

शिवलिंगनं कॅमेरा घेतला, कानाशी धरला आणि बटण दाबलं. किरकिर आता चांगली मोठी झाली होती. त्यानं कॅमेरा परत दिला, तसा अण्णानं तो पुन्हा गळ्यात अडकवला. समोर अण्णा उभा होता, शाळेतल्या पोरासारखा, हात पुढं बांधून.

"पाचशेवर होता?"

"हाव. कागदावर तसंच लिवलंय."

"कागद बरोबर हाय."

"मग?"

कारकुनाचा भांग पाडून झाला होता. तोही ऐकत होता. खरं सांगायचं तर नुसतं 'पडदा अडकतोय' म्हणून भागणार नव्हतं. कधीपासून, असं अण्णानं विचारलं असतं. मग बंधारा, मग घागर, मग लेन्सा, मग सतरंजी, एकामागं एक सगळं या काउंटरवर येऊन पडलं असतं.

"बटण दाबताना हात हलतो तुमचा, अण्णा," शिवलिंग म्हणाला. "लई हलतो. ज्याचा त्याचा हात असतोय. शिकून येत न्हाई."

"आमच्या काकाचं बी हेच," कारकून म्हणाला. "वय झालं की कापतोच."

बसवराजनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. आणि नवल म्हणजे, त्याचा चेहरा मोकळा झाला. आठ दिवस जे सापडत नव्हतं ते एकदाचं सापडलं होतं.

"म्हणजे बॉडी चांगली हाय?"

"एकदम."

"मग ठेव तुझ्याकडं. माझ्या हातात चांगली वस्तू कशाला नासवायची? पहिल्यापासून तुझीच होती ती." पट्टा मानेतून काढताना त्याच्या टोपीत अडकला. शिवलिंगनं सोडवून दिला.

पुढच्या आठवड्यात शिवलिंग नांदेडला गेला. स्टेशनजवळ कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. त्यानं बॉडी उघडली, फुंकर मारली, ब्रश फिरवला, एक स्प्रिंग ताणली.

"धूळ होती. अन् ही ढिली झाली होती. पडला होता का कधी?"

"न्हाई," शिवलिंग म्हणाला. इथं खोटं बोलायची काही गरज नव्हती.

पडदे अर्ध्या तासात सुरळीत पळायला लागले. ती बॉडी पुढं दहा वर्षं चालली. लातूरच्या लग्नांत शिवलिंगच्या गळ्यात दोन कॅमेरे दिसायचे आणि लोक त्याला त्यावरून ओळखायचे.

बसवराजनं स्टुडिओ बंद केला. बसवंतअप्पांनीच त्याला अडतीत कामाला ठेवलं, तागडी धरायला. गादीच्या वर गौरम्माचा फोटो, खाली बसवराज. नव्या शेतकऱ्यानं फोटोकडं बघून काही विचारलं, तर अप्पांना आता बोलावं लागायचं नाही. बसवराजच सांगायचा, "मी काढलाय. हात हलला माझा."

बरीच वर्षं गेली. लातुरात शिवलिंगचं दुमजली घर झालं. घरभरणीला उदगीरहून सगळे आले. जेवणं झाल्यावर शिवलिंग ओसरीवर सगळ्यांना ओळीनं बसवून फोटो काढायला लागला, तशी त्याची बायको सिंधू म्हणाली, "दरवेळी तुम्हीच फोटोत नसता. आज तरी येऊन बसा. अण्णा काढतील की. त्यांचा तर धंदाच होता."

"हाव हाव, काढा अण्णा!" सगळ्यांनी कालवा केला.

बसवराज कडेला उभा होता. तो पुढं आला नाही, पण त्याची नजर कॅमेऱ्यावर गेली आणि क्षणभर तिथंच राहिली. शिवलिंगनं ती बघितली.

"नका रे, अण्णाच्या हातात देऊ नका," तो मोठ्यानं म्हणाला. "सगळ्यांची तोंडं काळी होतील!"

ओसरी हसून लोटपोट झाली. सगळ्यांत जोरात बसवराज हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"खरंय त्याचं. हा हात असा हलतोय बघा," असं म्हणत त्यानं उजवा हात सगळ्यांसमोर सरळ धरला. रोज तागडी धरणारा हात. पाची बोटं जागच्या जागी होती. नखही हललं नाही.

पुढच्या ओळीत बसलेल्या महादेवीचं हसू थांबलं. तिनं त्या हाताकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मान वळवून शिवलिंगकडं बघितलं.

शिवलिंगनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"हं, चला," तो म्हणाला. "सगळ्यांनी इकडं बघा."