जाहिरातीतलं सूप

मावशी जाहिरातींसाठी पदार्थ सजवायची. दुधाऐवजी पांढरा गोंद ओतायची, सूपच्या वाडग्यामागे गरम ओला कापूस लपवायची. कॅमेऱ्यात वाफ झकास दिसायची.

आजी आजारी पडली आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. एका दुपारी टीव्हीवर मावशीनेच सजवलेलं सूप दिसलं, तशी आजी म्हणाली, “मला ते दे गं.”

मावशीने लगबगीने त्याच सूपचं पाकीट आणलं, उकळलं, भरवायला बसली. दोन चमच्यांनंतर आजीने तोंड फिरवलं.

“हे नव्हे. त्याला कशी वाफ येत होती!”

“ती कापसाची होती, आई.”

“काहीतरीच तुझं!” म्हणत आजी पुन्हा टीव्हीकडे बघत राहिली.

मावशीला ना रडू आलं, ना राग. उरलेलं सूप तिने उभ्याउभ्याच पिऊन टाकलं. चव कुणी विचारली असती, तर तिला सांगता आली नसती.