न गळलेला जोड

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी अमरावतीची, राजापेठेत वाढलेली. वडील वकील. मी इंजिनिअर झाले आणि इमारती गार-गरम ठेवण्याच्या कामात शिरले. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एका पतसंस्थेच्या नव्या इमारतीचं काम आमच्याकडे आलं. कूलरचा आवाज नाही, एसीचा झोत नाही — फॉल्स सीलिंगमध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे, त्यांच्या पाठीवर तांब्याच्या नळ्या आणि नळ्यांतून फिरणारं गार पाणी. हिवाळ्यात तेच पाणी कोमट करायचं. छतच खोली सांभाळतं. आमच्या भागात असं काम कुणी पाहिलेलं नव्हतं. मला त्याचा फार गर्व होता — तो नसता तर?

पण ते राहू द्या. आधी रामदासभाऊंबद्दल सांगते.

नळ्यांचे सगळे जोड त्यांचे. हिवरखेडचे, पन्नाशीचे, शेती भावाच्या हवाली करून नळकामात आलेले. झाळलेला जोड निवला की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे. "ताई, याच्यातून पानी जाईन, पन बाहीर नाई येनार," म्हणायचे. आणि खरंच यायचं नाही.

अशा छताला एकच भीती असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना? हवा दमट असली की पत्र्यांनाही तसाच फुटतो. म्हणून एक सेन्सर असतो. दमटपणा वाढला की तो पाणी बंद करतो. मग हॉल थोडा उकडतो, पण थेंब पडत नाही.

महालक्ष्म्यांच्या आधीचा आठवडा. उद्घाटन. दारं सताड उघडी, आत खच्चून माणसं, बाहेर चिकट उकाडा. सेन्सर पुन्हा पुन्हा पाणी बंद करत होता. अध्यक्ष रुमालानं मान पुसत माझ्याजवळ आले. "मॅडम, येवढा गाजावाजा केला, अन् गार काहून नाही होऊन राहिलं?" आजूबाजूचे वर बघून हसले.

मी वरच्या मजल्यावर गेले. सेन्सरची तार काढली, वाल्व्ह उघडाच राहील असं केलं आणि पाणी अजून गार केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. काय होईल हे मला माहीत नव्हतं? होतं. मीच ते इतरांना शिकवत असे.

हॉल गार झाला. अध्यक्षांनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. भाषणं सुरू असतानाच छतानं थेंब सोडायला सुरुवात केली — आधी एक, मग ओळीनं. पेन्शनचं खातं असलेल्या एक निवृत्त शिक्षिका, सुमनबाई, प्रसाद घेऊन निघाल्या होत्या. गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय सरकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. तो लहान असतो.

सगळे बाईंकडे धावले. मी जिन्याकडे धावले. तार परत जोडली. पाणी पुन्हा पहिल्यासारखं केलं. नंतर खाली आले — हात धुऊन.

दुसऱ्या दिवशी छत कोरडं ठणठणीत होतं. अध्यक्षांनी विचारलं, पाणी आलं कुठून? मी म्हणाले, "जोड गळला असेल." असेल! त्या एका शब्दाच्या आडोशाला मी किती वर्षं उभी आहे.

रामदासभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी शिडी लावली. एकेक पत्रा उतरवून प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहिला. कोरडा. मग नळ्यांत दाब भरून दाबमापक रात्रभर लावून ठेवला. काटा हलला नाही. "ताई, हे पाहा. कुठीच गळत नाई," ते म्हणाले. तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्यांनी पुरावाच माझ्यापुढे ठेवला होता. मी काय केलं? माझं शिक्षण वापरलं. "भाऊ, थंडीनं धातू आकसतो. बारीक फट तेव्हाच उघडते. दाबात दिसत नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मग आपल्या अंगठ्याकडे.

माझ्या शब्दावर त्यांनी शंका घेतली नाही. स्वतःच्या हातावर घेतली.

बाईंचा मुलगा पोलिसात जाणार होता. मी त्याच्या हातापाया पडले, जाऊ दिलं नाही. सगळ्यांना ती माझी माणुसकी वाटली. चौकशी झाली असती तर सेन्सरची तार काढल्याची यंत्रातली नोंद निघाली असती — हे फक्त मला माहीत होतं. बाई पुढे वॉकरशिवाय चालल्या नाहीत. रामदासभाऊ त्यांच्या घरी जाऊन पायांवर डोकं ठेवून आले. मी गेले नाही.

त्यांनी नळकाम सोडलं. कुणी काढलं नाही; अंगठ्यावर भरवसा राहिला नाही, म्हणाले. मध्ये एकदा अकोटच्या स्टँडवर भेटले. शेताच्या कामाला लागले होते, वाळले होते. एसटी लागेपर्यंत उभे राहिलो. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तो जोड सापडला काय? कोनचा होता?"

दुसऱ्यांदा वेळ आली होती. आणि मी — दया आली म्हणा, भ्याले म्हणा — म्हणाले, "सापडला, भाऊ. खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातला."

त्यांनी डोळे मिटले. "मले वाटलंच. त्या दिशी घरी भांडून आलतो. ध्यान नव्हतं माहं." मग म्हणाले, "बरं केलं सांगतलं. जीव टांगला होता." न झालेल्या चुकीला त्यांनी दिवस शोधून दिला होता, कारणही.

आजही दमट दिवशी कुठल्याही ऑफिसात गेले की मान आपोआप वर जाते. कोरडं छत असलं तरी मी मधून चालत नाही, भिंतीकडेनं जाते. कुणी विचारलं तर सवय म्हणते.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका घेऊन ते स्वतः अमरावतीला आले. नाही कसं म्हणणार? हिवरखेडला गेले. मांडवात त्यांनी हात धरून मला जावयाच्या वडिलांसमोर नेलं. "ह्याच त्या ताई. माह्या हातून एका म्हातारीचा पाय गेला. यायनं माहं नाव पोलिसात जाऊ देलं नाई. यायच्यामुळं आज मी ह्या मांडवात उभा हाओ."

ते गृहस्थ मला नमस्कार करायला वाकले. भाऊंची बायको डोळे पुसत होती. मुलगी येऊन पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी मला पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं. रामदासभाऊ स्वतः वाढत होते. मी जेवले.